ढाल आणि बेडी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्यात एरंडवण्याकडून मुठा ओलांडून दत्तवाडीच्या बाजूला जाणारा एक पूल आहे. त्याला म्हात्रे पूल म्हणतात. पुण्यात आलो की कविसंमेलनाच्या, नाहीतर पुस्तकांच्या निमित्ताने त्यावरून जाणे होतेच. एकदा रिक्षावाल्या दादांना विचारले, ‘‘हे म्हात्रे कोण हो?’’ ते म्हणाले, ‘‘असतील कोणीतरी जुने नगरसेवक.’’

रवींद्र म्हात्रे नगरसेवक नव्हते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातील भारताच्या उपउच्चायोगात ते अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी कचेरी सुटल्यावर ते रोजच्यासारखे बसने घरी निघाले. हातात मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. बसमधून उतरले आणि त्यांना पळवून नेण्यात आले. पळवणाऱ्यांना तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या मकबूल बटची सुटका हवी होती आणि शिवाय दहा लाख पौंड हवे होते. पुढच्या दोन-तीन दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह शहराबाहेरच्या एका गावरस्त्यावर सापडला. ११ फेब्रुवारीला मकबूल बटला फाशी झाली.

मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरी बुश कंपनीचा रेडिओ होता आणि सायंकाळच्या बातम्या लागल्या की कोणी बोलायचे नाही असा अब्बांचा दंडक होता. त्या दिवशी बातम्या संपल्यावर अब्बांनीच तो मोडला. म्हणाले, ‘‘एलची को मारते नहीं. ये तो बस से घर जा रहा था बेचारा.’’ पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात तो बस आणि केक होता. आपल्या सरकारचा एवढा मोठा अधिकारी बसने जातो? त्याच्याबरोबर एकही शिपाई नाही?

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, दुसऱ्या एका मराठी अधिकाऱ्याची बातमी आली. न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. त्या बातमीने महाराष्ट्र पेटला. पण बातमीतली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटली. अटक करणारे लोक न्यूयॉर्कचे पोलीस नव्हते, एफबीआयचेही नव्हते. ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ‘डिप्लोमॅटिक सिक्युरिटी सर्व्हिस’चे होते. सोप्या मराठीत सांगायचे तर राजदूतांचे रक्षण करणारी सरकारी सेवा. ज्यांचे काम राजनैतिक अधिकाऱ्यांना सांभाळण्याचे, त्यांनीच एका राजनैतिक अधिकाऱ्याला धरले!

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला माणूस, कायद्याचा विद्यार्थी नव्हे. पण कवीला विसंगती दिसली की झोप लागत नाही. म्हणून या सेवेचा कायदा कुठून आला ते शोधत गेलो. आज त्याचीच हकिगत सांगायची आहे.

दूताला मारू नये ही गोष्ट माणसाला कायदे लिहिण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. लंकेत हनुमंताला पकडून आणले तेव्हा दूत अवध्य असतो हे बिभीषणाने रावणाला सांगितले. अब्बा आम्हाला हदीसमधली गोष्ट सांगत. प्रेषितपणाचा खोटा दावा करणाऱ्या एकाचे दूत मदिनेत आले आणि उद्धट बोलले, तरी ते दूत आहेत म्हणून त्यांना जिवंत परत जाऊ दिले गेले. दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. दूताला वाचवणारा तिथे पहारेकरी नाही, यजमानाची लाज आहे.

ही लाज सुटली की काय होते ते महाराष्ट्राने पाहिलेले आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडे पुण्याला आले ते इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतल्यावर. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना रस्त्यातच त्यांचा खून झाला. बरोबर मोजकीच माणसे होती. संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. एल्फिन्स्टनने त्यांना ताब्यात घेतले, ते ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, १८१७ चा पुणे करार झाला आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली. पेशवाई बुडायला इतरही कारणे होती, पण एका वकिलाच्या खुनाने इंग्रजांच्या हातात आयते निमित्त दिले. हमी होती, हमी देणारा बलाढ्य होता, पण त्या संध्याकाळी पंढरपूरच्या रस्त्यावर त्या हमीचा माणूस कुठे होता?

हाच प्रश्न अमेरिकेला तिच्या जन्माच्या वेळीच पडला, आणि तोही एका काठीवरून.

मे १७८४. फिलाडेल्फिया. लाँगशां नावाचा एक फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या वकिलातीत गेला. आपल्या हुद्द्याच्या कागदपत्रांवर वकिलातीचा शिक्का हवा, असे त्याचे म्हणणे. वकिलातीचे सचिव बार्बे-मार्बुआ यांनी नकार दिला. गृहस्थाने धमक्या दिल्या आणि दोन दिवसांनी भर मार्केट स्ट्रीटवर मार्बुआंच्या काठीवर आपल्या काठीने तडाखा मारला. अंगावर नाही, काठीवर! आपल्याकडे असे भांडण चहावर मिटले असते. पण मार्बुआ हे त्या फ्रान्सचे प्रतिनिधी होते, ज्याच्या फौजांनी आणि पैशाने अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती. फ्रान्सने आरोपीला आमच्या हवाली करा म्हटले. अमेरिकेच्या तेव्हाच्या काँग्रेसला त्याला शिक्षा करण्याचाच काय, पकडण्याचाही अधिकार नव्हता. शेवटी पेनसिल्व्हेनिया राज्याच्या न्यायालयाने लेखी कायदा नसतानाच ‘राष्ट्राराष्ट्रांमधील रीत’ हाच कायदा मानला आणि त्याला दंड व सुमारे पावणेदोन वर्षांची कैद सुनावली.

ही नामुष्की नव्या देशाच्या पुढाऱ्यांना डाचली असावी. १७८७ च्या राज्यघटनेत राष्ट्राराष्ट्रांच्या रीतीविरुद्धचे गुन्हे ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला मिळाला, आणि ३० एप्रिल १७९० च्या फौजदारी कायद्यात राजदूतावर हात टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद झाली. यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते, कारण खुद्द इंग्लंडचे तसेच झाले होते. १७०८ मध्ये लंडनच्या सावकारांनी रशियाचे राजदूत मात्वेयेव यांना कर्जापायी गाडीतून खेचून अटक करवली. झार पीटर संतापला. राणी ॲनच्या पार्लमेंटने घाईघाईने राजदूतांना अटकेपासून संरक्षण देणारा कायदा केला आणि त्याची वेलबुट्टीदार प्रत मॉस्कोला माफीसोबत पाठवली. (त्या मार्बुआंची आणखी एक गंमत. १८०३ मध्ये फ्रान्सने लुइझियानाचा अफाट मुलूख अमेरिकेला विकला, तेव्हा फ्रान्सच्या बाजूने तो व्यवहार त्यांनीच केला. काठीवरचा तडाखा विसरले असावेत.)

तर १७९० साली कायदा झाला. पण कायदा म्हणजे पहारेकरी नव्हे. हल्ला झाल्यावर शिक्षा करणे आणि हल्ला होऊ न देणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर भरायला अमेरिकेला आणखी जवळजवळ दोनशे वर्षे लागली आणि भरायला सुरुवात झाली तीही अगदी वेगळ्याच दारातून.

१९१६. पहिले महायुद्ध चालू होते, अमेरिका अजून युद्धाबाहेर होती. जर्मनीचे हस्तक खोट्या अमेरिकी पासपोर्टांवर ये-जा करीत होते. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी आपल्या खात्यातच मूठभर माणसांचे एक गुप्त पथक उभे केले आणि जोसेफ नाय नावाच्या माणसाला त्याचा प्रमुख नेमले. आजची ही सेवा आपला जन्म तिथून धरते. म्हणजे ती जन्माला आली ती राजदूताच्या मागे उभे राहण्यासाठी नव्हे, कागदाचा खरेखोटेपणा तपासण्यासाठी. मान्यवर पाहुण्यांना सोबत करण्याचे काम हळूहळू त्याला चिकटत गेले. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे सापडले.

पुढची कित्येक वर्षे ही माणसे विचित्र अवस्थेत होती. जबाबदारी मोठी, कायद्याने दिलेली ताकद जवळजवळ शून्य. पाहुण्यांच्या रक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याची कायदेशीर मुभा त्यांना १९५५ मध्ये मिळाली. अटक करण्याचा अधिकार मात्र तेव्हाही नव्हता. बनावट पासपोर्टचा गुन्हेगार समोर दिसला तरी दुसऱ्या खात्याचा माणूस बोलवावा लागे. कोर्टाच्या बेलिफासारखी गत!

दरम्यान जग बदलत होते. १९६१ मध्ये राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार झाला. त्याचे २२ वे कलम सांगते की वकिलातीच्या जागेचे रक्षण करणे हे यजमान देशाचे खास कर्तव्य आहे. २९ वे कलम राजदूताच्या जिवाविषयी तेच सांगते. अब्बांच्या गोष्टीतली यजमानाची लाज इथे कलम होऊन बसली. दिल्लीत अमेरिकी वकिलातीबाहेर आपले पोलीस उभे असतात ते याच कर्तव्यापोटी, आणि बर्मिंगहॅममध्ये म्हात्रे यांच्यासारख्यांना सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी याच न्यायाने ब्रिटनवर होती. अमेरिकेने १९७२ मध्ये, म्युनिक ऑलिंपिकमधील हत्याकांडानंतर महिना-दीड महिन्यात, परदेशी अधिकाऱ्यांवरील हल्ला हा थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीतला गुन्हा ठरवला.

पण यजमानालाच लाज नसेल तर? ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी वकिलात विद्यार्थ्यांनी घेतली आणि ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मे १९८० मध्ये इराणला दोषी ठरवले. निकाल बरोबर होता, पण ओलीस त्याने सुटले नाहीत. ते सुटले जानेवारी १९८१ मध्ये, वाटाघाटींनी.

मग १८ एप्रिल १९८३ ला बैरूत. स्फोटके भरलेली गाडी वकिलातीच्या दारात येऊन फुटली. ६३ माणसे मेली, त्यांत १७ अमेरिकी. बाकीचे कोण? बहुतेक लेबनॉनचे लोक, कचेरीतले कारकून, व्हिसासाठी आलेले, रस्त्याने जाणारे. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये बैरूतलाच वकिलातीच्या दुसऱ्या इमारतीवर पुन्हा तसाच हल्ला. परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ यांनी ॲडमिरल इनमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल जून १९८५ मध्ये आला आणि मग कायद्याचे काम झपाट्याने झाले.

१६ ऑगस्ट १९८५ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने परराष्ट्र खात्याच्या मूळ अधिकार-कायद्यात ३७ वे कलम घातले. या सेवेची खरी सनद म्हणजे हे कलम. ते वाचताना मी थबकलो, कारण अधिकारांच्या यादीत पहिला अधिकार रक्षणाचा नाही. पहिला अधिकार आहे पासपोर्ट आणि व्हिसाच्या गैरव्यवहाराचा तपास करण्याचा. त्यानंतर झडतीची आणि अटकेची वॉरंटे बजावणे. मग रक्षण, म्हणजे परदेशांचे प्रतिनिधी, पाहुणे, स्वतःचे परराष्ट्रमंत्री. मग शस्त्र. मग डोळ्यांदेखत गुन्हा झाला तर वॉरंटावाचून अटक. आणि या सगळ्याला लगामही घातला आहे. हे अधिकार कसे वापरायचे ते ॲटर्नी जनरलशी करार करून ठरवायचे, आणि राष्ट्राध्यक्षांना सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. म्हणून आजही तिथली विभागणी अशी की परदेशचा राष्ट्रप्रमुख आला तर तो सीक्रेट सर्व्हिसचा, परराष्ट्रमंत्री आला तर या सेवेचा. दलाई लामा अमेरिकेत जातात तेव्हा त्यांच्याभोवती दिसणारी सुटातली माणसेही याच सेवेची.

सेवा औपचारिकपणे सुरू झाली ४ नोव्हेंबर १९८५ रोजी, तेहरानच्या त्या दिवसाला बरोबर सहा वर्षे झाली तेव्हा. २७ ऑगस्ट १९८६ च्या मोठ्या कायद्याने तिला पक्का पाया दिला. त्याच कायद्यात एक तरतूद आहे, जी मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. परदेशातल्या अमेरिकी कचेरीत सुरक्षेच्या कारणाने माणसे दगावली, तर परराष्ट्रमंत्र्यांनी चौकशी मंडळ नेमलेच पाहिजे. व्यवस्था पुरेशी होती का, ती पाळली गेली का, कोणी कर्तव्यात कसूर केली का, हे मंडळाने सांगायचे. २०१२ मध्ये लिबियातील बेनगाझीत राजदूत ख्रिस स्टीव्हन्स आणि आणखी तिघे मारले गेले, तेव्हा अशाच मंडळाचे अध्यक्ष होते थॉमस पिकरिंग. १९९२-९३ मध्ये ते दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. वरच्या पातळीवरच्या व्यवस्थापनात गंभीर उणिवा होत्या असे मंडळाने लिहिले, पण कायद्यातल्या शब्दांनुसार ‘कर्तव्यात कसूर’ कोणा एकावर ठेवता येत नाही असेही लिहिले. सरकारी चौकशी सगळ्या देशांत सारखीच बोलते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ही सारी ताकद अमेरिकेच्या भूमीवरची. परदेशी वकिलातीत बसलेल्या याच सेवेच्या अधिकाऱ्याला तिथल्या रस्त्यावर कोणाला हात लावता येत नाही. तिथे तो यजमानाच्या पोलिसांच्या भरवशावर आणि पगारी स्थानिक पहारेकऱ्यांच्या जिवावर असतो. ‘जिवावर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला.

७ ऑगस्ट १९९८. नैरोबी. हल्लेखोरांची ट्रक वकिलातीच्या मागच्या फाटकाशी आली. तिथल्या केनियन पहारेकऱ्याने अडसर उघडायला नकार दिला. त्याच्या हातात बंदूक नव्हती. ट्रक आत गेली नाही, बाहेरच फुटली. त्या दिवशी नैरोबीत २१३ माणसे मेली. अमेरिकी १२, बाकी जवळजवळ सगळे केनियाचे. त्याच सकाळी टांझानियात दार-ए-सलामलाही स्फोट झाला, तिथे ११ गेले. नैरोबीची वकिलात भर वस्तीत, रस्त्याला चिकटून होती आणि ती हलवा असे राजदूत प्रुडन्स बुशनेल यांनी वॉशिंग्टनला आधीच कळवले होते.

यातून १९९९ चा कायदा आला. नवी वकिलात बांधायची तर इमारत कुंपणापासून किमान शंभर फूट आत हवी, असे त्याने तेव्हा ठरवले. शंभर फुटांची शिफारस इनमन समितीने १९८५ मध्येच केली होती. शिफारशीला कायदा व्हायला चौदा वर्षे आणि सव्वादोनशे माणसे लागली.

शंभर फूट आत म्हणजे गर्दीच्या गावातून उठून मोकळ्या जागी जाणे. मुंबईची अमेरिकी वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडीच्या जुन्या राजवाड्यातून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. जुन्या जागी भुलाभाई देसाई रस्त्याच्या फुटपाथवर, उन्हात, फायली छातीशी धरून उभी असलेली रांग माझ्या पिढीच्या मुंबईकरांनी पाहिली आहे. तिकडच्या एका मराठी मंडळाने कविता वाचायला बोलावले म्हणून मीही एकदा त्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे-मागे सारे जण कागद पुन:पुन्हा तपासत होते. मला फाटकातला पहारेकरी जास्त आठवतो. साताऱ्याकडचा पोरगा. माझे नाव वाचून क्षणभर घुटमळला, मग मी अस्सल माणदेशी मराठीत बोललो तशी हसला. म्हणाला, ‘‘काका, घड्याळ काढा तेवढं.’’ तो त्या वकिलातीचा पहिला दगड होता. बॉम्ब आलाच असता तर आधी त्याच्यावर. २२ जानेवारी २००२ रोजी कोलकात्यात अमेरिकन सेंटरवर गोळीबार झाला तेव्हा मेले त्यांत आपले पोलीस होते.

हे झाले पहारा देताना मरणाऱ्यांचे. पहारेकऱ्याच्या हातून मरणाऱ्यांचे काय? त्या बाबतीत या कायद्याची सर्वांत मोठी फट उघडी पडली ती बगदादमध्ये.

२००३ नंतर इराकमध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांना सांभाळायला या सेवेची माणसे पुरेनात. म्हणून खासगी कंपन्यांना कंत्राटे दिली. ब्लॅकवॉटर ही त्यांतली एक. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटरच्या पहारेकऱ्यांनी भर रहदारीत गोळ्या झाडल्या आणि १७ इराकी नागरिक मेले. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. आमच्यावर हल्ला झाला असे पहारेकऱ्यांचे म्हणणे होते. आता खटला कुठे चालवायचा? इराकमध्ये नाही, कारण अमेरिकी ताब्याच्या काळात काढलेल्या १७ व्या आदेशाने अशा कंत्राटी माणसांना इराकी कायद्यापासून मुक्त केले होते. अमेरिकेत? परदेशातील कंत्राटी माणसांना लागू होणारा २००० चा कायदा लष्कराच्या कामाशी बांधलेला, आणि हे तर परराष्ट्र खात्याचे नोकर. म्हणजे सरकारने आपली ढाल भाड्याने दिली, पण ढालीबरोबर जो लगाम होता तो दिलाच नाही.

त्यात आणखी एक घोळ झाला. घटनेनंतर लगेच परराष्ट्र खात्याच्या याच सुरक्षा सेवेच्या लोकांनी पहारेकऱ्यांचे जबाब घेतले, पण ते फौजदारी खटल्यात वापरले जाणार नाहीत अशी हमी देऊन. पुढे सरकारी वकिलांनी त्या जबाबांचा आधार घेतला, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला. वरच्या न्यायालयाने २०११ मध्ये तो पुन्हा जिवंत केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये, सात वर्षांनी, चार पहारेकरी दोषी ठरले. त्यासाठी बगदादहून कित्येक साक्षीदार वॉशिंग्टनला आले होते, पोटचे पोर गमावलेला बापही त्यांत होता. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी काही लिहू शकलो नाही, एवढेच सांगतो.

आता न्यूयॉर्कला परत येऊ.

१२ डिसेंबर २०१३ रोजी सकाळी देवयानी खोब्रागडे यांना मॅनहॅटनमध्ये अटक झाली. आरोप असा की, घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईंच्या व्हिसा अर्जात तासाला ९.७५ डॉलर पगार लिहिला, आणि प्रत्यक्ष वेगळा करार करून त्याहून पुष्कळ कमी, महिना ३० हजार रुपये ठरवले. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. म्हणजे मूळ बाब होती व्हिसाच्या कागदाची, आणि व्हिसाचा कागद हे तर ३७ व्या कलमातले पहिले काम. म्हणून तिथे या सेवेची माणसे आली. माझ्या कोड्याचे उरलेले अर्धे उत्तर हे. तिथे ढाल आणि बेडी एकाच हातात दिलेली आहे, आणि बेडी त्या हाताला आधी सापडली आहे. प्रत्यक्ष अटकेच्या वेळी बेड्या घातल्या की नाही यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते. पण नंतर न्यायालयाच्या कोठडीत मार्शल दलाने त्यांची कपडे उतरवून झडती घेतली, हे नाकारले गेले नाही.

मग सूट कुठे गेली? ती होती, पण अर्धी. राजदूतांचा करार १९६१ चा, वाणिज्यदूतांचा १९६३ चा. दुसऱ्या करारात वाणिज्यदूताला सूट फक्त कचेरीच्या कामापुरती. गंभीर गुन्हा असेल आणि न्यायाधीशाचा हुकूम असेल तर अटक करता येते. गंभीर कशाला म्हणायचे ते करारात लिहिलेले नाही. अमेरिकेने व्हिसातली फसवणूक गंभीर मानली, भारताला ते मान्य नव्हते.

१७ डिसेंबरला दिल्ली पोलिसांनी अमेरिकी वकिलातीसमोरचे काँक्रीटचे अडथळे उचलून नेले. त्या दिवशी टीव्हीवर ते दृश्य बघून आमच्या गल्लीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आता सांगायला संकोच वाटतो, कारण २२ व्या कलमातली यजमानाची लाज आपलीही होती. ८ जानेवारी २०१४ रोजी खोब्रागडे यांना संयुक्त राष्ट्रांतील भारतीय कचेरीत नेमणूक मिळून पूर्ण सूट मिळाली, दुसऱ्या दिवशी आरोपपत्र दाखल झाले आणि त्या भारताकडे निघाल्या. बदल्यात भारताने दिल्लीतील अमेरिकी वकिलातीच्या एका अधिकाऱ्याला देश सोडायला सांगितले. तो अधिकारी याच सुरक्षा सेवेचा होता. १२ मार्चला न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ते आरोपपत्र रद्द केले, कारण ते दाखल झाले तेव्हा पूर्ण सूट लागू होती. दोन दिवसांनी सरकारी वकिलांनी नवे आरोपपत्र आणले. तोवर त्या इथे होत्या. खटला उभा राहिला नाही.

त्या हिवाळ्यात मोर्चे निघाले, अग्रलेख लिहिले गेले. एका मराठी, दलित समाजातून वर आलेल्या अधिकारी स्त्रीची झडती हा अपमान होता आणि तो सांगायलाच हवा होता. पण ज्या दुसऱ्या बाईच्या पगारावरून सारे सुरू झाले तिच्याविषयी आमच्या सभांत कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. घरकाम करणाऱ्या अशा बायकांचा करार लेखी असावा, त्यांना त्यांचे हक्क आधी समजावून सांगावेत, असे अमेरिकेच्या २००८ च्या एका कायद्यात लिहिले आहे. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायका त्या कायद्याच्या नजरेसमोर होत्या.

माझी एक खाला आखातात नऊ वर्षे घरकामाला होती. जाताना तिने अंगठा उठवला त्या कागदावर एक रक्कम होती, हातात पडत होती दुसरीच. तिचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असे. तिच्यासाठी तिथे ना कोणी ढाल घेऊन आले, ना कोणासाठी बेडी. परत आल्यावर तिने तो कागद माझ्याकडून वाचून घेतला होता, मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. मी आकडा वाचला. तिने तो मला पुन्हा वाचायला लावला. मग घडी घालून तो पत्र्याच्या पेटीत, कुराणाच्या रेहलखाली ठेवून दिला. अजून तो तिथेच आहे.